चाकांवरची घरं : लेखांक ७ – भिंतींना फुटणारा घाम

कॅनडातलं विनिपेग थंडीसाठी बदनाम आहे. जानेवारीतलं तिथलं सरासरी तापमान उणे सोळा अंशांच्या आसपास असतं. याच शहरात रे ओलेको या गृहस्थांनी १९६८ साली ‘बोलर’ हा तेरा फुटी ट्रेलर बाजारात आणला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची सेप्टिक टाकी तयार केली होती, काँक्रीटच्या टाकीपेक्षा कितीतरी हलकी. तीच युक्ती त्यांनी ट्रेलरला लावली. साच्यातून काढलेली दोन कवचं, एक वरचं, एक खालचं, कमरेपाशी जोडायची की छोट्या मोटारीलाही ओढता येईल असं घर तयार. सेप्टिक टाकीशी असलेलं हे नातं जाहिरातीत सांगण्याची घाई कुणी केली नसेल, ते सोडा.

जन्म विनिपेगचा असला, तरी बोलर उन्हाळ्यासाठीच होता. कवचाच्या आतून चिकटवलेला फोमचा पातळ थर, एकेरी काचेच्या खिडक्या आणि छताला एक झडप, एवढाच थंडीचा बंदोबस्त. पुढे मिनेसोटातल्या बॅकसमध्ये ‘स्कॅम्प’ आणि टेक्सासमधल्या राइसमध्ये ‘कसीटा’ असे त्याचे भाऊबंद तयार झाले. या अंड्याच्या आकाराच्या ट्रेलरांवर जीव टाकणारी मंडळी ते ऑक्टोबर-नोव्हेंबरातही बाहेर काढतात. मग पहिल्याच थंड रात्रीनंतर सकाळी उशीची भिंतीकडची बाजू ओली लागते, काचांवरून ओघळ येतात, गादी उचलावी तर खालची फळी दमट. पहिला संशय छतावर जातो. दुकानातून सीलंटची ट्यूब येते, झडपेभोवती थापली जाते आणि पुढच्या रात्री पाणी पुन्हा हजर.

गळती आणि घाम ओळखण्याची कसोटी सोपी आहे. पावसानंतर, ठरावीक जागी, एकाच बाजूने ओल येत असेल तर ती गळती. आभाळ कोरडं असताना, थंड रात्रीनंतर, सगळ्या खिडक्यांवर एकदम पाणी दिसलं तर तो घाम. मे महिन्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून येतो तोच. दोन कवचांच्या ट्रेलरला सांधे मुळातच कमी, त्यामुळे हे पाणी बहुतेक वेळा आत झोपलेल्या माणसांचंच असतं.

माणसांचं म्हणजे किती? झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण चाळीस ते पन्नास ग्रॅम पाण्याची वाफ सोडतो. दोघांची तासाला नव्वदच्या आसपास. तेरा फुटी ट्रेलरमध्ये हवा जेमतेम दहा घनमीटर. वीस अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सतराएक ग्रॅम वाफ मावते, म्हणजे अख्ख्या ट्रेलरच्या हवेत एकशे सत्तर. झोपताना हवा निम्मी भरलेली धरली, तर सगळं घट्ट बंद करून झोपलेल्या जोडप्याला ती काठोकाठ भरायला तासभरही लागत नाही. सकाळपर्यंत पाऊण लिटर पाणी कुठेतरी उतरलेलं असतं. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हेच पाणी पडद्यांत, भिंतींत, दाराच्या फटींत विरून जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. छोट्या ट्रेलरला लपवायला जागाच नाही.

प्रत्यक्षात तर हवा पूर्ण भरेपर्यंतही थांबावं लागत नाही. वीस अंशांच्या, साठ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू बारा अंशांवर असतो. बारापेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला ही हवा टेकली की तिथे पाणी धरतं. बाहेर शून्य अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू पाचेक अंशांवर असते. खिडकी सगळ्यात आधी रडू लागते ती यामुळे.

इथे बहुतेकांच्या हातून उलटी गोष्ट होते. थंडी वाजते म्हणून खिडक्या बंद, छताची झडप बंद, दाराच्या फटीला टॉवेल. बाहेर पाऊस असेल तर विचारूच नका. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिवसेंदिवस रिपरिप चालते, तिथे कुणाला खिडकी उघड म्हणून सांगितलं तर तो सांगणाऱ्याकडेच संशयाने बघेल. बाहेरची ओली हवा आत घेऊन आतलं कसं सुकणार? पण आकडे वेगळंच सांगतात. पाच अंशांची, वाफेने पूर्ण भरलेली, पावसातली हवा घनमीटरमागे फक्त सात ग्रॅमच्या आत वाफ बाळगते. तीच हवा आत येऊन वीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे पावसातली हवासुद्धा तापवल्यावर कोरडी होते आणि आतली वाफ उचलून बाहेर जायला तयार असते. अट एकच, तिला जायला वाट हवी.

ही वाट किती मोठी आणि किती महाग? आत अठरा अंश आणि साठ टक्के आर्द्रता राखायची, बाहेर तीच पाच अंशांची भिजलेली हवा, आत दोन माणसं झोपलेली. तर तासाला सुमारे सदतीस घनमीटर हवा बदलावी लागते, साधारण दर पंधरा-सोळा मिनिटांना ट्रेलरची सगळी हवा नवी. ऐकायला भयंकर वाटतं. पण एवढी हवा तापवायला लागते एकशे साठ वॅटच्या आसपास उष्णता. अमेरिकन दुकानांत मिळणारा खोलीचा साधा विजेचा हीटर पंधराशे वॅटचा असतो, त्याचा हा जेमतेम नववा हिस्सा. कोरड्या गादीसाठी हा सौदा स्वस्तच म्हणायचा. छताची झडप दोन बोटं उघडी, पंखा असेल तर सगळ्यात मंद वेगावर आणि लांबच्या कोपऱ्यातली एक खिडकी बोटभर सरकवलेली. गरम हवा वरून निघते, नवी खालून येते आणि ट्रेलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. दोन्ही फटी शेजारीशेजारी ठेवल्या तर हवा तिथल्या तिथेच घुटमळते आणि पलंगाचा कोपरा ओलाच राहतो.

उष्णतेशिवाय नुसती फट मात्र कामाची नाही. हीटर बंद करून फक्त झडप उघडी ठेवली तर भिंती गार पडतात, आतली हवा बाहेरच्याइतकीच थंड होते आणि तिला वाफ पेलवत नाही. रात्री हीटर पूर्ण बंद करून पहाटे जोरात लावणाऱ्यांच्या ट्रेलरमध्ये पाणी जास्त दिसतं ते याच कारणाने. चौदा-पंधरा अंश रात्रभर सांभाळलेले बरे.

आता हीटरकडे वळू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते. प्रोपेन जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइडबरोबर पाणीही तयार होतं आणि ते थोडंथोडकं नसतं: एक किलो प्रोपेनमागे एक किलो सहाशे ग्रॅमहून जास्त. जास्त, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. तंबूत, गॅरेजमध्ये वापरतात तसा धुराडं नसलेला छोटा गॅस हीटर आत आणला आणि ताशी चार हजार बीटीयू इतक्या मंद आचेवर ठेवला, तरी तो तासाला एकशे पस्तीस ग्रॅमच्या आसपास वाफ ओततो. झोपलेल्या तीन माणसांइतकी. ऊब मिळते खरी, पण सोबत तीन अदृश्य पाहुणेही मुक्कामाला येतात. गॅसच्या शेगडीवर हात शेकण्याचंही तेच.

ट्रेलरमध्ये कारखान्यातून बसवून येणारी भट्टी वेगळी. तिची ज्योत बंद पेटीत असते, जळायला लागणारी हवा ती बाहेरून घेते आणि वाफेसकट सगळा धूर भिंतीतल्या नळीने बाहेर टाकते. आतल्या हवेला फक्त पेटीचा तापलेला पत्रा भेटतो. डिझेलवर चालणाऱ्या वेबास्टो किंवा एबरश्पेखर हीटरचं तत्त्व हेच. यांचा पंखा बॅटरी खातो आणि रात्री आवाज करतो, म्हणून लोक कंटाळतात आणि धुराडं नसलेल्या शांत हीटरकडे वळतात. तिथे पाण्यापलीकडचा धोका सुरू होतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या खोलीत केरळहून आलेले आठ पर्यटक झोपेतच मरण पावले. त्यांत चार मुलं होती. खोलीत गॅसचा हीटर होता, दारं-खिडक्या आतून बंद होत्या. अपुऱ्या हवेत ज्वलन अर्धवट होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. बाथरूममधल्या गॅस गीझरचे असेच अपघात महाराष्ट्रातही दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून वाचायला मिळतात. ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर या लेखातलं बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल.

वाफेला बाहेरची वाट दिली, हीटर नीट निवडला, तरी काही जागा ओल्या राहतात. एअरस्ट्रीमचंच बघा. १९३६ सालच्या ‘क्लिपर’पासून हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर अमेरिकेचं लाडकं बाळ आहे. त्याला बाहेरून ॲल्युमिनियम, आतूनही ॲल्युमिनियम आणि दोहोंना जोडणाऱ्या फासळ्याही ॲल्युमिनियमच्याच. हा धातू उष्णता वाहून नेण्यात फोमपेक्षा हजारो पट पटाईत. दोन पत्र्यांमध्ये कितीही चांगलं भरण भरलं तरी फासळीच्या रेषेवर थंडी थेट आत पोहोचते आणि गार पहाटे आतल्या भिंतीवर ओलीच्या उभ्या पट्ट्या उमटतात. इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनणाऱ्या स्वस्त ट्रेलरांची चौकट बहुधा लाकडी असते. लाकूड थंडी कमी वाहतं, पण ओल धरून ठेवतं आणि आतल्या आत कुजतं. आजार वेगळा, इतकंच. टेनेसीतल्या होहेनवाल्डमध्ये बनणाऱ्या ऑलिव्हर ट्रेलरमध्ये फायबरग्लासचं एक कवच दुसऱ्या कवचात बसवून मधली जागा भरणाने भरतात. उपाय चोख आहे, किंमतही तशीच.

जुन्या ट्रेलरच्या मालकाला एवढं करणं शक्य नसतं, म्हणून तो खिडकीच्या मापाने चंदेरी बबलशीट कापून काचेवर बसवतो. ऊब राहते. पण शीट कडेने घट्ट बसली नाही तर आतली वाफ तिच्यामागे शिरते आणि मागची काच आता आधीपेक्षाही गार असते. सकाळी शीट काढली की मागे तळं. तिथे रोज पुसण्याला पर्याय नाही.

गादीचं दुखणं याहून चिवट. अंगाची ऊब आणि वाफ गादीतून खाली झिरपते, खालच्या गार फळीला भेटते आणि तिथेच थिजते. महिनाभर लक्ष दिलं नाही तर काळी बुरशी. होडीवाल्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवला: गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई किंवा लाकडी पट्ट्या. गादी भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवायची आणि कपाटं भिंतीला टेकतील इतकी कोंबायची नाहीत. स्वीडनच्या ‘आल्डे’ची पद्धत याच विचारातून आली आहे. तिच्यात ग्लायकॉल मिसळलेलं गरम पाणी भिंतीच्या कडेने, फर्निचरच्या मागून फिरतं आणि भिंतीलगत गरम हवा वर चढत राहते, त्यामुळे माणसाआधी भिंतच तापते.

युरोपात हिवाळी कॅम्पिंग जुनं आहे आणि तिथले नियमही तसेच. कॅरॅव्हॅनच्या युरोपीय मानकात उबेच्या तीन श्रेण्या आहेत. सगळ्यात वरच्या श्रेणीची परीक्षा बाहेर उणे पंधरा अंश असताना आत वीस अंश गाठण्याची. तीच मानकं बंद न करता येणाऱ्या हवेच्या जाळ्याही सक्तीच्या करतात, छतात आणि जमिनीलगत. पहिल्या गार वाऱ्याला लोक नेमक्या त्याच जाळ्यांत फडकी कोंबतात. नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक असावा, म्हणूनच तर त्या बंद न करता येणाऱ्या केल्या.

हवा न बदलता माणसं डब्यात ठेवता येत नाहीत, हे नासालाही मानावं लागलं होतं. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना हॉर्नेट या विमानवाहू जहाजावर ज्या फिरत्या विलगीकरण कक्षात ठेवलं, तो बदल करून घेतलेला एअरस्ट्रीम ट्रेलरच होता. आत एक डॉक्टर आणि एक इंजिनिअर धरून पाचजण. चंद्रावरचे जंतू बाहेर पडू नयेत म्हणून आतला दाब बाहेरपेक्षा कमी ठेवला होता आणि निघणारी हवा गाळली जात होती. म्हणजे जगातल्या सर्वात कडेकोट ट्रेलरमधूनसुद्धा हवा सतत बाहेर काढली जात होतीच.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, म्हणून एक इशारा इथल्यांसाठी. वरचं सगळं गणित बाहेर गार आणि आत ऊब असतानाचं आहे. जुलैत महाबळेश्वरला बाहेर वीस अंश आणि हवा वाफेने तुडुंब, आतही तेवढंच. तिथे खिडकी उघडून काहीच सुकत नाही, कारण आत येणाऱ्या हवेला तापून कोरडं व्हायला वावच नसतो. पावसाळ्यात तिथे एसी किंवा डीह्युमिडिफायरच लागतो. कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर अशा हवेत उत्तम चालतो. तोच मिनेसोटाच्या थंडीत नेला तर त्याची कॉइल गोठून बसते आणि तिथे ओल शोषणारं चक्र असलेलं यंत्र घ्यावं लागतं. कपाटात ठेवायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या बंद उभ्या ट्रेलरला ठीक. रात्रीच्या पाऊण लिटरपुढे त्यांचा पाड लागत नाही.

वीज जोडलेली असेल तर आणखी एक शहाणपणाचा खर्च म्हणजे गादीवर पसरायचं विजेचं पांघरूण. साठ-सत्तर वॅटमध्ये माणूस उबदार राहतो, हवा पंधरा अंशांवर ठेवता येते आणि झडप उघडी ठेवताना जिवावर येत नाही. वीज नसेल तिथे जाड गोधडी, लोकरी टोपी आणि स्वयंपाक शक्यतो बाहेर. आत केलाच तर भांड्यावर झाकण आणि पंखा चालू.

गॅसचा एक प्रश्न उरतो. ब्यूटेन शून्याच्या किंचित खालीच वाफ व्हायचं थांबतो, प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत दम धरतो, म्हणून युरोपातले कॅम्पर हिवाळ्याआधी सिलिंडर बदलून घेतात. पण सिलिंडर टिकला तरी पाण्याच्या नळ्या टिकतीलच असं नाही. गोठलेल्या नळ्या, फुटलेले पंप आणि त्यांत ओतायचं गुलाबी अँटिफ्रीझ यांची हकिगत पुढच्या आठवड्यात.