प्रकाश ओळखण्याचा सराव : छायाचित्रणाची काही प्रात्यक्षिके

प्रास्ताविक

मागील घटकात आपण कॅमेऱ्याच्या प्रमुख भागांचा परिचय करून घेतला. भिंग, छिद्र, शटर आणि प्रकाशसंवेदक यांची कार्ये वाचून लक्षात राहतात. परंतु तेवढ्या ज्ञानावर चांगले छायाचित्र उतरत नाही. प्रकाश कोणत्या दिशेने येतो, किती मोठ्या पृष्ठभागावरून येतो आणि वस्तूच्या कोणत्या बाजूला सावली टाकतो, हे डोळ्यांना सहज दिसू लागेपर्यंत सराव करावा लागतो. प्रस्तुत घटकातील प्रात्यक्षिके याच सरावासाठी आहेत. त्यांना स्टुडिओची गरज नाही. एक खिडकी, विजेचा एक साधा दिवा, पांढरे धोतर किंवा चादर आणि जवळ असेल तो कॅमेरा, मग तो मोबाइलमधील का असेना, एवढ्या साहित्यावर काम भागते. चांगला कॅमेरा घेतल्यावर शिकू, असे म्हणून सराव पुढे ढकलू नये. येथे जे शिकायचे आहे त्यातील बराचसा भाग कॅमेऱ्याच्या बाहेर आहे.

कवडशापासून छिद्रापर्यंत

कौलारू घरात भर दुपारी जमिनीवर पडलेला कवडसा बहुतेकांनी पाहिलेला असतो. कौलांमधील फट वेडीवाकडी असते, तरी कवडसा मात्र गोल किंवा लंबगोल पडतो. दाट झाडाखालीही असेच दिसते. याचे कारण असे की, असा कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात.

हाच अनुभव खोलीत घेता येतो. लख्ख ऊन पडलेल्या दिवशी खोलीच्या खिडक्या पुठ्ठ्याने आणि जाड कापडाने पूर्ण बंद कराव्यात व रस्त्याकडील पुठ्ठ्याला सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचे छिद्र पाडावे. छिद्रातून सूर्याकडे पाहू नये. समोर पांढरी चादर धरावी. डोळे अंधाराला सरावले की चादरीवर बाहेरचा रस्ता उलटा उमटलेला दिसतो; माणसे पाय वर करून चालताना दिसतात. आता छिद्र मोठे करावे. चित्र उजळते, पण पुसट होते. लहान केले तर ते रेखीव होते, पण अंधुक पडते. उजेड आणि रेखीवपणा यांतील ही देवघेव कॅमेऱ्याच्या छिद्राच्या मुळाशी आहे. भिंगामुळे मोठ्या छिद्रातूनही रेखीव चित्र मिळते. मात्र ते एका ठरावीक अंतरापुरतेच, आणि पुढच्या-मागच्या वस्तू पुसट राहतात.

छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि दर पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. शटरच्या वेळा सेकंदाचा साठावा, एकशेपंचविसावा, अडीचशेवा भाग अशा निम्म्यानिम्म्याने घटतात. म्हणून ८ व १/१२५ ही जोडी आणि ५.६ व १/२५० ही जोडी सारखाच प्रकाश आत घेते. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र स्थिर असते. तेथे शटर आणि आयएसओ यांवरच काम करावे. शटरच्या सरावासाठी वाहता नळ पुरतो. १/१००० ला थेंब सुटे दिसतात आणि १/१५ ला धार रेशमासारखी होते. हे एका दुपारचे काम आहे. त्यावर अधिक वेळ घालवू नये.

खिडकीजवळचे प्रात्यक्षिक

खरा वेळ खिडकीला द्यावा. थेट ऊन न येणारी खिडकी निवडावी. उत्तरेकडील असल्यास उत्तम; उन्हाळ्यातील काही सकाळ-संध्याकाळ सोडल्यास तिच्यातून ऊन आत येत नाही, आणि चित्रकारही याच कारणासाठी उत्तरेचा उजेड पसंत करीत आले आहेत. घरातील एखाद्या व्यक्तीला खिडकीपासून एक मीटरवर बसवावे. प्रथम तिचे तोंड खिडकीकडे असू द्यावे, मग तिरपे, मग खिडकी अगदी बाजूला येईल असे, आणि शेवटी पाठ खिडकीकडे. कॅमेरा प्रत्येक वेळी चेहऱ्यासमोर ठेवावा.

पहिल्या छायाचित्रात चेहरा उजळ पण सपाट दिसेल. तिरप्या स्थितीत नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि दूरच्या डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या व्यक्तिचित्रांत तो वारंवार दिसतो, म्हणून या प्रकाशयोजनेला त्याचेच नाव पडले आहे. बाजूच्या प्रकाशात सुरकुत्या, मिशीचे केस, लुगड्याचा पोत सारे उठून येते. त्याच जागी सावलीच्या बाजूला हातभर अंतरावर पांढरी चादर धरून पाहावी. सावली नाहीशी होत नाही, पण तिच्यातील तपशील वाचता येऊ लागतो. चादरीऐवजी काळी घोंगडी धरली तर सावली अधिक गडद होते. हा प्रयोग अनेकजण टाळतात, आणि तो टाळण्यासारखा नाही.

दिव्याचा प्रयोग रात्री करावा. दिवा एलईडी असावा आणि कापड त्याला टेकू देऊ नये. उघड्या दिव्याची सावली धारदार पडते. दिव्यापुढे वीतभर अंतरावर धोतर धरले, तर सावलीची कड किंचित मऊ होते. धोतर दिव्यापासून आणखी दूर, व्यक्तीच्या जवळ नेले की ती खूपच मऊ होते. कापड तेच, दिवाही तोच. बदलला तो केवळ कापडावरील उजळलेल्या भागाचा आकार. प्रकाश मऊ की कठोर हे वस्तूच्या जागेवरून पाहता त्याचा उगम केवढा दिसतो यावर ठरते. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर असूनही आकाशात तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून उन्हाची सावली कठोर असते. ढग आले की सारे आकाशच दिवा होते आणि सावली विरघळते.

दिव्यापासूनचे अंतर एक मीटरवरून दोन मीटर केले, तर प्रकाश चौथाई होतो, असा नियम आहे. पांढऱ्या चुन्याच्या लहान खोलीत मात्र हिशेब तंतोतंत जुळणार नाही, कारण भिंतीही प्रकाश परत पाठवतात. ही तफावत नियम चुकल्याची खूण समजू नये. त्या परत येणाऱ्या प्रकाशाचा उपयोग भारतीय चित्रपटाने फार मोठ्या प्रमाणावर केला आहे.

सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो' या चित्रपटासाठी बनारसमधील घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले. पावसाच्या भीतीने उघड्यावर ते बांधणे शक्य नव्हते. छायालेखक सुब्रत मित्र यांना अडचण अशी वाटली की, चहूबाजूंनी बंद अशा अंगणात वरून जो सावलीविरहित मऊ उजेड उतरतो तो स्टुडिओच्या दिव्यांनी कसा आणायचा? दिवे थेट रोखले तर एकाच माणसाच्या अनेक सावल्या पडतात. मित्र यांनी नेपथ्यावर चौकटीत ताणलेले पांढरे कापड लावले, दिवे खालून त्या कापडावर सोडले आणि तेथून परतलेल्या प्रकाशात चित्रण केले. खोट्या आकाशातून खऱ्या अंगणाचा उजेड आला. चादर आणि दिवा घेऊन आपण जे करतो, त्याचेच हे मोठे रूप आहे.

कॅमेऱ्याचे मोजमाप आणि माणसाचा रंग

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याला मध्यम करड्या छटेचे गृहीत धरतो. याची प्रचिती घेण्यासाठी स्वयंचलित व्यवस्थेवर पांढऱ्या धोतराचे आणि नंतर काळ्या तव्याचे, चौकट पूर्ण भरेल असे, छायाचित्र घ्यावे. धोतर मळकट आणि तवा राखाडी येतो. पांढऱ्यासाठी एक ते दोन पायऱ्या प्रकाश वाढवावा लागतो आणि काळ्यासाठी तितकाच कमी करावा लागतो. मापकाच्या दृष्टीने ही उलटी गोष्ट आहे, म्हणून ती हाताने करूनच पक्की होते.

याचा परिणाम वस्तूंपुरता राहत नाही. पांढरा फेटा, पांढरा सदरा आणि मागे चुन्याची भिंत. मध्ये उन्हात राबलेला सावळा चेहरा. कॅमेरा पांढऱ्याला करडे करू पाहतो आणि त्या नादात चेहरा काळवंडतो. डोळे तर हरवूनच जातात. अशी छायाचित्रे वृत्तपत्रांत पुष्कळ दिसतात आणि दोष छपाईवर ढकलला जातो. चेहऱ्याजवळ जाऊन तेथील प्रकाश मोजावा, तो आकडा कायम ठेवून मागे यावे आणि मग छायाचित्र घ्यावे. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावून मोजमाप तेथे स्थिर करता येते. फेट्याचा तपशील थोडा गेला तरी चालेल.

उपकरणे सर्व वर्णांना सारखी लेखतात, हा समज इतिहासाला धरून नाही. रंगीत फिल्मच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीची जी नमुनापत्रे वापरली जात, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे. आजच्या मोबाइलमधील सौंदर्यवर्धक सुविधा त्वचा उजळ व गुळगुळीत करतात. प्रात्यक्षिकांपूर्वी ती बंद करावी. सावळ्या चेहऱ्यावर अधिक प्रकाश ओतणे हा उपाय नव्हे. अशा त्वचेचा आकार तिच्यावरील चकाकीतून उलगडतो. खिडकी किंवा कापडामागचा दिवा बाजूला ठेवला तर कपाळ, गालफड आणि हनुवटी यांवर ती चकाकी रुंद व मऊ पसरते आणि वर्ण जसा आहे तसा राहतो. वृत्तछायाचित्रात तर वर्ण बदलणे म्हणजे वस्तुस्थिती बदलणे होय.

क्षेत्रीय कार्य

डिजिटल छायाचित्राबरोबर छिद्र, शटर व आयएसओ यांची नोंद आपोआप साठते. प्रकाश कोठे होता, ही नोंद मात्र साठत नाही. ती वहीत स्वतः करावी : वेळ, खिडकीची दिशा, तिच्यापासूनचे अंतर, चादर कोणत्या बाजूला होती आणि बसलेल्या माणसाचे एक साधे रेखाटन.

आपल्या घरातील किंवा गावातील एका वयोवृद्ध व्यक्तीची, तिची अनुमती घेऊन, एकाच खिडकीजवळ आठ छायाचित्रे घ्यावीत. त्यांपैकी दोन छापून घ्यावीत : एक कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजमापाने घेतलेले व दुसरे चेहऱ्यावरील प्रकाश मोजून घेतलेले. कोणते कसे घेतले हे न सांगता दोन्ही त्या व्यक्तीच्या हाती द्यावीत आणि कोणते आपल्यासारखे वाटते असे विचारावे. मिळालेले उत्तर तिच्याच बोलीत, प्रमाणभाषेत न बदलता, छायाचित्राच्या नोंदीखाली लिहावे.