आडव्या रेघेपाशी अडलेला अभ्यास

ओव्हरदवायर या संकेतस्थळावर 'बँडिट' नावाचा एक खेळ फुकट खेळता येतो. सायबर सुरक्षा शिकू पाहणाऱ्या मुलांना मी आधी तिथे पाठवतो. दूरच्या लिनक्स संगणकात शिरायचं, पासवर्ड शोधायचा आणि त्याच्या जोरावर पुढची पायरी गाठायची. पहिला पासवर्ड 'रीडमी' नावाच्या फाइलमध्ये सरळ सापडतो. मुलं खूश होतात. पुढच्या पायरीवर मात्र फाइलचं नाव असतं नुसती एक आडवी रेघ. फाइल वाचणारी 'कॅट' ही आज्ञा लिहून पुढे ती रेघ दिली, की पडद्यावर काहीच उमटत नाही, कर्सर लुकलुकत राहतो. संगणक अडकला असं समजून पुष्कळजण इथेच उठतात.

संगणक अडकलेला नसतो. 'कॅट'च्या लेखी रेघ म्हणजे 'कीबोर्डवरून येईल ते वाच' अशी खूण, म्हणून तो वाट पाहत थांबलेला असतो. रेघेआधी टिंब आणि तिरकी रेघ घातली, म्हणजे 'याच फोल्डरमधली' असं सांगितलं, की फाइल उघडते. उत्तर दोन चिन्हांचं, पण आपण नाव म्हणून दिलेलं अक्षर संगणक सूचना म्हणून वाचू शकतो, हे त्यातून कायमचं कळतं. लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी अवतरणचिन्ह आणि पुढे थोडा मजकूर टाकून डेटाबेसला फसवणारा 'एसक्यूएल इंजेक्शन' हा हल्ला याच गोंधळावर उभा आहे. रेघेपाशी तासभर झगडलेल्या मुलाला तो पाच मिनिटांत समजतो. व्हिडिओत उत्तर पाहून पुढे पळालेला मुलगा तो पाठ करतो आणि विसरतो.

घाई हा या विद्येतला सर्वांत मोठा अडथळा आहे, असं माझं ठाम मत आहे. पोर्ट म्हणजे काय हे ठाऊक नसताना उघडी पोर्ट शोधणारं 'एनमॅप' चालवायचं, हा त्याचा नमुना. पाया कच्चा राहिला तर काय नजरेतून सुटतं ते पाहा: 2018च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी रुपये गेले. एटीएमवरची विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीकडे न जाता मधल्या बनावट स्विचकडे वळवली गेली आणि त्याने परस्पर होकार दिला. विचारणा नेहमी कोणत्या वाटेने जाते हे माहीत नसणाऱ्याला ती वळलेली कशी दिसणार?

संगणकाची पदवी नाही म्हणून बिचकणाऱ्यांना मी क्लिफर्ड स्टॉल यांची हकिकत सांगतो. ते खगोलशास्त्रज्ञ. 1986 साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशोबात 75 सेंटची तफावत आली, ती शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. एवढ्याशा रकमेकडे दुर्लक्ष करणं सहज शक्य होतं. त्यांनी फोनच्या तारांना प्रिंटर जोडले, घुसखोराने टंकलेली अक्षरं कागदावर उतरवली आणि रोजची नोंद वहीत ठेवली. कित्येक महिन्यांनी माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरला पोहोचला. तिथला मार्कुस हेस अमेरिकी संगणकांतली माहिती सोव्हिएत केजीबीला विकणाऱ्या टोळीत होता. सुरक्षेचं तंत्र स्टॉल त्या पाठलागातच शिकले. माझ्या मुलांनी त्यांची निदान वही तरी उचलावी: काय टंकलं, काय दिसलं, काय वाटलं होतं.

इंग्रजीची भीती खरी आहे, पण रेघेचा अर्थ 'मॅन कॅट' टंकल्यावर येणाऱ्या माहितीत एका छोट्या वाक्यात दिलेला असतो. असं एकेक वाक्य मराठीत वहीत उतरवत गेलं की महिनाभरात तेच तेच शब्द परत भेटू लागतात. लॅपटॉप जुना असल्याची अडचणही अशीच सुटते. बँडिटला टर्मिनल आणि इंटरनेट पुरतं.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर परवानगीशिवाय हात चालवायचा नाही, कॉलेजच्या वायफायवर गंमत म्हणूनसुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000च्या कलम 43नुसार भरपाई द्यावी लागते, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सराव सरावासाठी उघड्या ठेवलेल्या ठिकाणीच करावा.

दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन बसा. रेघेच्या पुढच्या पायरीवर फाइलच्या नावात मोकळ्या जागा आहेत. तिचं उत्तर मी इथे लिहिलेलं नाही.