इसबगोलाने वजन उतरते का?

“डॉक्टर, इसबगोल सुरू केले तर वजन उतरेल ना?” हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वारंवार कानी पडतो. त्याचे उत्तर सविस्तर दिलेले बरे.

इसबगोलाची भुसी म्हणजे एका छोट्या रोपाच्या बियांवरचे साल. हे पीक मुख्यतः गुजरात व राजस्थानात होते. चमचाभर भुसी पेलाभर पाण्यात टाकून थोडा वेळ ठेवा. ती फुगून बुळबुळीत होते. पोटातही हेच घडते. पोट भरल्यासारखे वाटते, जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते आणि शौचास साफ होते. कोलेस्टेरॉलही काहीसे कमी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली हृदयाच्या दृष्टीने याची दखल घेतली.

मात्र भुसी चरबी वितळवत नाही. काही अभ्यासांत एक-दोन किलोंचा फरक दिसला, तर काहींत काहीच नाही. भूक थोडी शमली म्हणून एक पोळी कमी खाल्लीत, तरच फायदा. भुसी घेऊन वर फरसाण व गोड चहा चालू ठेवला, तर काटा जागचा हलणार नाही.

आता धोक्याचे. कोरडी भुसी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिऊ नका. ती अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. गवारीच्या बियांच्या डिंकापासून केलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्या अशाच अडकू लागल्याने १९९० साली अमेरिकेत त्यांच्यावर कारवाई झाली होती. म्हणून एक चमचा भुसी मोठ्या पेल्यातल्या पाण्यात ढवळून लगेच प्यावी, वर आणखी पाणी प्यावे. घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. इतर औषधांत व भुसीत दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात अडथळा झालेला आहे, त्यांनी भुसी घेऊच नये. शौचातून रक्त जात असेल, किंवा काही न करता वजन घटत असेल, तर भुसीने वेळ काढू नका. तपासणी करून घ्या.

चोथा घरच्या ताटातही आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू रोज खा. उसळीतून चोथ्याबरोबर प्रथिनेही मिळतात, ती भुसीत नाहीत. जोडीला रोज अर्धा तास भरभर चाला. एवढे करून भुसी घेतलीत तर ती मदत करील. एकटीच्या बळावर ती वजन उतरवणार नाही.