फेडायचे, पण कोणाला?

गावातला पैसा गावातच फिरत राहिला की गाव सावरते, हे खरे. पण तो सांभाळायचा कोणी? म्हैसूरचे नाव धारण करणाऱ्या एका संस्थेला याचे उत्तर गावकऱ्यांकडूनच मिळाले.

'मायराडा' ही संस्था १९६८ साली तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी निघाली. (तिच्या नावातले म्हैसूर म्हणजे त्या काळचे राज्य, कर्नाटक हे नाव १९७३ मध्ये आले.) पुढे तिने खेड्यांत सहकारी सोसायट्या उभ्या करायला मदत केली. १९८० नंतर त्यांतल्या काही मोडल्या. सोसायट्या मोठ्या, कारभार ढिला, पुढाऱ्यांवरचा विश्वास उडालेला. तेव्हा सभासद लहान लहान घोळक्यांनी संस्थेकडे आले. कर्ज फेडायला ते तयार होते, पण सोसायटीला नाही, मायराडाला. संस्थेने सुचवले, आम्हाला कशाला? तुमच्या घोळक्यालाच फेडा.

१९८४-८५ च्या सुमारास असे गट उभे राहिले. १९८७ साली नाबार्डने गटांच्या बचतीला जोड म्हणून १० लाख रुपये दिले, आणि १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभर हाती घेतला. आपल्या शेजारच्या बचत गटाचे मूळ इथपर्यंत पोचते.

ऑस्ट्रेलियातही असेच काहीसे घडले. मोठ्या बँकांनी शाखा बंद केल्यावर रुपान्यप आणि मिनयिप या दोन छोट्या गावांनी भांडवल गोळा केले आणि १९९८ साली बेंडिगो बँकेच्या साथीने गावाची बँक उघडली. नफ्याचा वाटा गावाच्या कामांना जातो.

आता हिशेब पाहा. समजा, १५ जणी आठवड्याला ५० रुपये टाकतात. वर्षाला ३९,००० रुपये जमतात. त्यातून एकीने ५,००० रुपये घेतले, महिना २ टक्के व्याज उरलेल्या मुद्दलावर, आणि दरमहा ५०० रुपये मुद्दल फेडले, तर दहा महिन्यांत व्याज ५५० रुपये. तेही गटातच राहते. सावकाराने ५ टक्क्यांनी पूर्ण रकमेवर व्याज लावले, तर तेवढ्याच मुदतीत २,५०० रुपये जातात, आणि ते परत येत नाहीत.

मात्र गट म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. खजिनदाराच्या डब्यातल्या पैशाला नाही. म्हणून जमलेली रोकड लगेच गटाच्या खात्यात भरावी, सही दोघींची असावी, आणि कर्जाचा प्रत्येक ठराव बैठकीत सर्वांसमोर वाचावा. आपल्या नावावर किती जमा, किती कर्ज, हे वहीत पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. वही दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर पुढचा हप्ता देण्याआधी बैठकीतच विचारा.