जुना संच, परके स्पीकर

1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल, पुढे मध्यप्रांताचा कारभार, आणि 1 नोव्हेंबर 1956 च्या प्रांतपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच राजधानी, असा दीर्घ ऋणानुबंध असल्यामुळे दुर्गच्या मुलखात मराठी कुटुंबे पूर्वापार होतीच. त्यांत, सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्रज्वलित झाल्यावर विदर्भातून आलेल्या नोकरदारांची भर पडली. निवृत्तीनंतर कारखान्याचे क्वार्टर सोडून दुर्गच्या बोरसीत घर बांधणाऱ्या या मंडळींच्या सामानसुमानात स्टिरिओ संच हटकून निघतो. पण तो क्वचितच अखंड असतो. वाटणीत अॅम्प्लिफायर थोरल्याकडे जातो, स्पीकर धाकट्याकडे, आणि मग दोघेही आपापल्या अर्ध्या संचाला जोड शोधत हिंडतात.

त्या काळी परदेशी मालावर असलेली जबर जकात आणि परवान्यांची अडचण यांमुळे आपल्याकडील बहुतेक संच देशातच बनलेले. दिल्लीची आहुजा, मुंबईची कॉस्मिक, कोलकात्याची सोनोडाइन आणि सर्वत्र आढळणारी फिलिप्स ही नावे त्या पिढीला घरच्यासारखी परिचित. अशा संचाला जोड पाहताना लोक प्रथम विचारतात ते वॅट, आणि माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाचा आकडा तोच. (टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर चार अंकी वॅट छापण्याची प्रथा निघाली, तेव्हापासून तर त्या आकड्याची उरलीसुरली अब्रूही गेली.)

प्रथम पाहावयाचा तो ओहमचा आकडा, म्हणजे स्पीकरचा विद्युत्प्रवाहाला होणारा अवरोध. आठ ओहमसाठी बांधलेल्या ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरला चार ओहमचा स्पीकर जोडला, तर त्याच्यापाशी मागितला जाणारा प्रवाह दुपटीने वाढतो. हळू आवाजात हे खपून जाते, परंतु घरात पाहुणे जमून आवाज चढला की आतले ट्रान्झिस्टर तापून निकामी होण्याचा संभव असतो. आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच खुंटीवर समांतर जोडणाऱ्यालाही हाच प्रसाद मिळतो. उलटपक्षी पंधरा-सोळा ओहमचा जुना स्पीकर सुरक्षित असतो. आवाज थोडा कमी निघतो इतकेच. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचा कायदा मात्र निराळा: त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर चार, आठ, सोळा अशा स्वतंत्र खुंट्या असतात, स्पीकर ज्या आकड्याचा त्याच खुंटीवर लावावा, आणि स्पीकर न जोडता आवाज चढवण्याचा प्रयोग कदापि करू नये. पाठीमागची चिठ्ठी गळून पडली असेल तर मल्टिमीटर लावावा. आठ ओहमचा स्पीकर तेथे सहाच्या आसपास आकडा दाखवतो.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची, आणि खरी मेख इथेच आहे. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, हे ते माप. त्यात दहा डेसिबलचा फरक पडला की तेवढाच आवाज काढण्यास दहापट वॅट लागतात. एडगर व्हिलचर यांनी 1954 मध्ये अमेरिकेत आणलेल्या एआर-1 या स्पीकरने लहानशा बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला, पण त्याची किंमत वसूल केली ती अॅम्प्लिफायरकडून. बीबीसीचा लौकिकवान एलएस-3/5-ए जेमतेम त्र्याऐंशी डेसिबलचा. असा नाजूक स्पीकर दहा वॅटच्या व्हॉल्व्ह संचाला जोडून मोठ्या आवाजाचा आग्रह धरला, तर अॅम्प्लिफायर शक्तीबाहेर ओढला जाऊन स्वरांची टोके छाटली जातात, आणि पुष्कळदा ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळतो तो जास्त वॅटने नव्हे, तर या छाटलेल्या आवाजाने. माझा कल स्पष्ट आहे: जुन्या, अल्पशक्तीच्या संचाला नव्वद डेसिबलच्या वरचा, मोठ्या कागदी कोनाचा स्पीकर द्यावा.

तो मोठा कोन रेडिओग्राममधून काढून सुताराकडून करवून घेतलेल्या छोट्या पेटीत बसविण्याची युक्ती मात्र सर्रास फसते. मागून उघड्या, ऐसपैस कपाटासाठी घडविलेला तो स्पीकर बंद पेटीतल्या कोंडलेल्या हवेशी झगडतो, खर्ज नाहीसा होतो आणि मधला स्वर डबा वाजवल्यासारखा येतो. कोणत्या स्पीकरला किती घनफळाची पेटी, याचे गणित ऑस्ट्रेलियातील थिएल यांनी 1961 मध्ये आणि पुढील दशकात स्मॉल यांनी मांडून ठेवले आहे; सुताराच्या अंदाजापेक्षा त्यावर विसंबणे बरे.

आमच्या हवेचा उपसर्गही जमेस धरावा लागतो. मे महिन्याच्या उन्हाळ्यात फोमची कड चिकट होऊन तिचा भुगा होतो, पावसाळ्यात कागदी कोनाला बुरशी धरते, आणि कूलरच्या ओल्या झोताच्या वाटेत स्पीकर ठेवला तर बुरशीला पावसाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही. लोखंडाची कापाकापी होते त्या जागेजवळच्या घरात आणखी एक उपद्रव संभवतो: मधली टोपी फाटलेली असली की लोहचूर्ण चुंबकाने ओढले जाऊन कॉइलच्या फटीत बसते आणि प्रत्येक मींडेत खरखर उमटते. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद, सरळ दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला तर सौदा करू नये. स्वर ट्विटर आणि मोठ्या कोनात वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले विद्युत्-अपघटनी कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकलेले असतात. ते दोन्ही पेट्यांतले एकदमच बदलावेत, नाहीतर डावा-उजवा आवाज वेगळा होतो.

संचाला जोडण्याआधी स्पीकरच्या तारांच्या मोकळ्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही कोन एकाच दिशेला सरकतात की नाही याची खातरजमा करावी. तारा उलट गेल्या तर खर्ज परस्परांत विरतो आणि गायक खोलीच्या मध्यभागी उभा राहत नाही. कसाला लावण्यास तंबोऱ्यासारखे दुसरे साधन नाही: खर्जाची तार निघते त्या वेळी इतर तारांचा झंकार दबला, तर पेटी भिंतीला फार खेटली आहे असे समजून ती हातभर पुढे ओढावी. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती यांच्या खोलीत आवाज चढा वाटला, तर स्पीकरला दोष देण्याआधी एक जाड सतरंजी अंथरून पाहावी; आणि जुन्या मराठी तबकड्यांपैकी पुष्कळशा मोनोच असल्यामुळे, एकच उत्तम स्पीकर हाती आला असेल तर जोडी जमेपर्यंत त्या एकावर ऐकत राहण्यास हरकत नाही. फक्त अॅम्प्लिफायरवरचा मोनोचा खटका तेवढा दाबलेला असावा.