स्वस्त पदवीचे बिल कोण भरते?

अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा गावातली परिचारिका डोळ्यांपुढे आणा. वय चाळिशीचे, दोन मुले शाळेत, आणि रुग्णालयात रात्रपाळ्या करण्यात बारा-पंधरा वर्षे गेलेली. सलाईन लावण्यापासून अत्यवस्थ रुग्णाच्या नातेवाइकांना धीर देण्यापर्यंत सारे काही तिला येते. नाही ती फक्त चार वर्षांची पदवी, आणि तेवढ्यावाचून तिची बढती अडलेली आहे. महाविद्यालयात चौकशी केली, तर उत्तर मिळते की नाव घाला आणि वर्गात येऊन बसा. जे ती रोज करते तेच तिने सत्रभर बाकावर बसून ऐकायचे, आणि त्याचे पैसेही मोजायचे.

अशा माणसांसाठी तिकडे एक वेगळी वाट निघाली. किती तास बसलात ते विचारणार नाही. काय येते ते दाखवा. येत असेल तर परीक्षा द्या, काम करून दाखवा आणि पुढे चला. नसेल येत तर शिका, हवा तितका वेळ घ्या. शिक्षणतज्ज्ञ हिला क्षमताधिष्ठित पदवी म्हणतात. ऐकायला इतके सरळ वाटते, की हे आधीच का सुचले नाही असा प्रश्न पडावा. पण या पदवीच्या फीमध्ये सरकारी अनुदानाचा वाटा असतो, आणि सरकार पैसे मोजते ते तासांच्या हिशेबाने. तास काढून टाकल्यावर सरकारने नेमके कशाचे पैसे द्यायचे, या प्रश्नाने तिकडच्या राज्य सरकारांना आणि वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याला पंचवीस वर्षांहून अधिक काळ सतावले आहे.

पेन्शनमधून जन्मलेले माप

तासांचे हे माप आले कोठून, ती गोष्ट मजेशीर आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 मध्ये प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर काढून ठेवले. आता कोणत्या संस्थेला खरे महाविद्यालय म्हणायचे? कार्नेगी प्रतिष्ठानाने अट घातली, की प्रवेश घेणाऱ्या मुलाने माध्यमिक शाळेत चौदा 'युनिट' पुरी केलेली असावीत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्गातले सुमारे 120 तास. पेन्शन कुणाला नको असते? महाविद्यालयांनी अट मुकाट्याने मान्य केली. त्याच मापाच्या धर्तीवर महाविद्यालयांतही 'क्रेडिट-तास' रुजला. म्हाताऱ्या प्राध्यापकांची सोय लावताना तयार झालेली ही फूटपट्टी पुढे विद्यार्थी किती शिकला हे मोजायला वापरली जाऊ लागली, आणि अखेर सरकारी तिजोरीला जोडली गेली.

गरीब विद्यार्थ्यांसाठीचे केंद्राचे अनुदान 1972 मध्ये सुरू झाले. 1980 पासून ते सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाते. ते परत फेडावे लागत नाही. विद्यार्थी पूर्ण वेळ शिकतो की अर्धवेळ, हे त्याने सत्राला किती क्रेडिट-तास घेतले यावरून ठरते आणि त्या प्रमाणात रक्कम मिळते. अनेक राज्यांची स्वतःची अनुदानेही याच चाकोरीतून जातात.

गव्हर्नरांचे विद्यापीठ

1997 मध्ये पश्चिमेकडच्या 19 राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून एक विद्यापीठ काढले, वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी. युटाचे माइक लेविट आणि कोलोरॅडोचे रॉय रोमर यांचा त्यात पुढाकार होता. एक रिपब्लिकन, दुसरे डेमोक्रॅट. प्रत्येक राज्याने सुरुवातीला एक लाख डॉलर घातले. विद्यापीठ खासगी, पण नफा न कमावणारे. ना मैदान, ना वसतिगृह, ना वर्ग. सारा कारभार इंटरनेटवर. शिकवण्या मोजक्या शाखांच्या: अध्यापन, परिचर्या व आरोग्य, संगणक आणि व्यवसाय. ए, बी, सी अशा श्रेणी नाहीत; एक तर उत्तीर्ण, नाही तर अजून उत्तीर्ण नाही. विद्यार्थ्याला मार्गदर्शन करणारा वेगळा आणि त्याचे काम तपासणारा वेगळा.

फीची रीतही निराळी. ती सहा महिन्यांची एकरकमी. तेवढ्या काळात तुम्ही चार विषय पुरे करा की चौदा. बरीच वर्षे बहुतेक अभ्यासक्रमांची फी सहामाहीला 2,890 डॉलर होती, म्हणजे वर्षाला 5,780. 2013-14 सालचे कमाल पेल अनुदान होते 5,645 डॉलर. दोन आकडे शेजारी ठेवले, की लक्षात येते की सर्वांत गरीब विद्यार्थ्याची जवळजवळ सगळी फी सरकारी अनुदानातून भागू शकत होती.

आता आपल्या परिचारिकेचा हिशेब करू. आठ सहामाह्या लागल्या, तर फी 23,120 डॉलर. तिला आधीच पुष्कळ येत असल्यामुळे तिने तीनच सहामाह्यांत काम उरकले, तर 8,670. सरकारने तिला शिकवण्याचे पैसे दिलेच नाहीत. शिकवले रुग्णालयाने आणि पंधरा वर्षांच्या रात्रपाळ्यांनी. सरकारने पैसे दिले ते तिला येते आहे याचा दाखला मिळण्याचे. काहींना हा सरकारी पैशाचा अपव्यय वाटतो. पण जे तिला येते तेच पुन्हा शिकवण्यासाठी चार वर्षे अनुदान देत राहणे, हा अपव्यय त्याहून मोठा नव्हे काय?

मात्र प्रत्येक विद्यार्थी अशी अनुभवी परिचारिका नसतो. समजा, दहा जणांना वर्षाला प्रत्येकी पाच हजार डॉलर अनुदान दिले. एकूण पन्नास हजार. आठ जण वर्षभरात पदवीधर झाले, तर एका पदवीमागे सव्वासहा हजार खर्च आला. दोघेच झाले आणि बाकीचे घरच्या रगाड्यात अडकून सुटले, तर तीच पदवी पंचवीस हजारांना पडली. फी तीच, अनुदान तेच. जाहिरातीत विद्यार्थ्यामागची फी छापतात, पदवीमागचा खर्च छापत नाहीत. घड्याळ काढून टाकले, की मागे पडणाऱ्याला हाकणारेही कोणी उरत नाही, ही या पद्धतीची दुखरी बाजू आहे.

राज्यांचे हात कुठवर?

इंडियानाचे गव्हर्नर मिच डॅनियल्स यांनी 2010 मध्ये एका आदेशाने या विद्यापीठाची राज्यशाखा काढली. विद्यापीठाला राज्याचा पैसा नाही, पण विद्यार्थ्याला राज्याचे अनुदान तेथे वापरता येईल, अशी ही मांडणी. सरकारी विद्यापीठाच्या इमारती, पगार, पेन्शनी यांचा भार न उचलता राज्याला पदवीधर मिळणार होते. टेक्ससने 2011 मध्ये शाखा काढली, ती राज्याचा पैसा न घालता. टेनेसीने 2013 मध्ये सुरुवातीच्या खर्चाला 50 लाख डॉलर दिले.

सरकारी विद्यापीठ हीच पदवी देऊ लागले, की हिशेब आणखी गुंततो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या कॉमर्स गावच्या शाखेने 2014 मध्ये अशी पदवी सुरू केली. फी सात आठवड्यांना 750 डॉलर, विषय कितीही पुरे करा. पण सरकारी विद्यापीठात विद्यार्थ्याची फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. टेक्ससमध्ये राज्याचा निधी मुख्यतः विद्यार्थ्यांनी घेतलेल्या क्रेडिट-तासांवरून ठरतो. एखाद्याने सात आठवड्यांत पाच विषय झपाट्याने संपवले, तर फी एकदाच भरायची, पण क्रेडिट-तास पाच विषयांचे. मग राज्याने शिकवण्याच्या दराने पैसे द्यायचे की तपासण्याच्या? जुन्या सूत्रात या प्रश्नाला जागाच नव्हती.

आणि कॅलिफोर्नियाचा अनुभव तर डोळे उघडणारा. तेथे 2018 मध्ये काम करणाऱ्या प्रौढांसाठी कॅलब्राइट हे सरकारी महाविद्यालय स्थापन झाले. इंटरनेटवरून शिकायचे, आपल्या गतीने, आणि फी शून्य. पदवी नव्हे, प्रमाणपत्रे. उभारणीसाठी 10 कोटी डॉलर आणि शिवाय वर्षाला 2 कोटींची तरतूद. 2021 च्या मे महिन्यात राज्याच्या लेखापरीक्षकांचा अहवाल आला. पहिल्या वर्षी सुमारे नऊशे विद्यार्थ्यांनी नावे घातली होती. अभ्यासक्रम पुरा केलेले जेमतेम डझनभर. संस्थेला गाशा गुंडाळायला लावावा असा ठराव विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात मंजूरही झाला, पण वरच्या सभागृहात तो अडला. संस्था वाचली आणि पुढे वाढलीही. विद्यार्थ्यांना एक छदामही पडला नव्हता. पडला तो कर भरणाऱ्यांना.

71 कोटींचे बिल

सर्वांत मोठी ठिणगी पडली ती वॉशिंग्टनमध्ये. टपालाने शिकवतो असे सांगून अनुदान लाटणाऱ्या संस्थांचा 1980 च्या दशकात सुळसुळाट झाला होता. म्हणून 1992 मध्ये कायद्याने बंधन आले: निम्म्याहून अधिक शिक्षण टपालाने देणाऱ्या संस्थेला केंद्राचे अनुदान नाही. 2006 मध्ये इंटरनेटवरच्या शिक्षणाला यातून सूट मिळाली, पण शिक्षकाचा विद्यार्थ्याशी 'नियमित आणि भरीव' संपर्क हवा, या अटीवर. भरीव म्हणजे किती, हे मात्र कुणी नीट सांगितले नाही.

2017 च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी वेस्टर्न गव्हर्नर्सच्या अभ्यासक्रमांची छाननी करून निकाल दिला, की यातल्या बऱ्याच विषयांत असा संपर्क नाही. म्हणजे हे टपाली शिक्षणच झाले. विद्यापीठाने घेतलेली केंद्राची मदत परत करावी. किती? सुमारे 71 कोटी 30 लाख डॉलर! या रकमेत अनुदानांबरोबर सरकारी कर्जेही होती. विद्यापीठाचे म्हणणे, मार्गदर्शक आहेतच. जुना कायदा आमच्या पद्धतीला बसत नाही. शेवटी 2019 च्या जानेवारीत खात्याने कळवले, की नियम संदिग्ध होते, रक्कम परत करण्याची गरज नाही. 2021 च्या जुलैपासून लागू झालेल्या नियमांत 'भरीव' या शब्दाची फोड आली: प्रत्यक्ष शिकवणे, काम तपासून अभिप्राय देणे, शंकांना उत्तरे देणे, गटचर्चा घडवणे अशांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात.

महानिरीक्षक चुकले असे म्हणता येईल. पण त्यांच्या शंकेमागची काळजी खोटी नव्हती. येथे महाविद्यालयच ठरवते काय यायला हवे, महाविद्यालयच परीक्षा घेते आणि विद्यार्थी पुढे सरकत राहिला तरच त्याचे अनुदान चालू राहते. माल दुकानदाराचा, तराजूही दुकानदाराचा. तासांचे माप कितीही बथ्थड असले, तरी ते बाहेरून मोजता तरी येत होते.

म्हणूनच कोणत्या विषयाची पदवी आहे, याला महत्त्व येते. नवी परिचारिका असेल तर तिला राज्याच्या परवान्यासाठी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. शिक्षकालाही बहुतेक राज्यांत परवान्याच्या परीक्षेतून जावे लागते. संगणकाच्या अभ्यासक्रमांत तर बाहेरच्या व्यावसायिक संस्थेची प्रमाणपत्र परीक्षाच अनेक ठिकाणी विषयाची परीक्षा म्हणून धरतात. या शाखांत दुसरा तराजू हाताशी आहे. व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीला तो नाही. एकाच अनुदानाचा रुपया, की डॉलर म्हणा, एका शाखेत तपासला जातो आणि दुसरीत विश्वासावर सोडला जातो. अनुदान वाटताना मात्र दोघींना एकच नियम.

आपल्याकडेही हा विषय आता परका राहिलेला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट साठवण्याची बँक आली. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे 1,200 तास म्हणजे 40 क्रेडिट असा हिशेब धरला आहे, आणि कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची सोय ठेवली आहे. एकाच आराखड्यात तासही आहेत आणि अनुभवही. तो अनुभव कोण, कशाने मोजणार आणि त्या मोजणीवर शिष्यवृत्तीचे पैसे सुटणार का, हे ठरवण्याची वेळ आपल्या राज्य सरकारांवरही येणारच आहे.

आणि ती परिचारिका? मुले झोपल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडते. कॅमेऱ्यापलीकडून कोणीतरी तिची परीक्षा पाहत असते. सहामाही संपायला तीन आठवडे उरलेत आणि दोन विषय बाकी आहेत. ते निघाले नाहीत, तर पुढच्या सहामाहीची पूर्ण फी नव्याने भरावी लागेल. त्यातली किती अनुदानातून भागेल आणि किती तिच्या पगारातून, हे तिने एका कागदावर मांडून ठेवले आहे.