पाँपेईदर्शन व सहलीची निवड
परदेशात मार्गदर्शकासह स्थलदर्शनाची सहल निवडताना केवळ शुल्क व स्थळांची संख्या पाहणे पुरेसे नसते. तेथील अवशेष आज कोठे आहेत, हेही पाहावे लागते. इटलीतील पाँपेई हे याचे उत्तम उदाहरण होय. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या या नगराचे उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले. परंतु तेथील अनेक उत्कृष्ट भित्तिचित्रे व कुट्टिमचित्रे नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहेत. १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीही त्याच संग्रहात आहे. तिच्याशी साम्य असणाऱ्या मूर्ती मराठवाड्यात तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. केवळ भग्न नगर दाखविणाऱ्या सहलीत हा दुवा दृष्टीआड राहतो. सबब संग्रहालयाचा अंतर्भाव असलेली सहल निवडणे इष्ट. मात्र ते मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे.